कावळ्याचा गुन्हा कोणता?

गेल्या महिन्यात मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात एक विषय निघाला. कावळे फार झालेत. बोंबील सुकत घालायची सोय राहिली नाही, कोंबडीची पिल्ले उचलतात, क्रुसाजवळच्या आंब्याखाली उभे राहायची भीती वाटते. कोणी म्हणाले घरटी पाडा, कोणी म्हणाले छऱ्याची बंदूक आणा. एक काका हळूच म्हणाले, "पावात औषध घालून ठेवायचं, दोन दिवसांत साफ." आम्ही हसलो. पण घरी जाताना माझे हसू गेले.

लहानपणी मी बेचकीने एक कावळा मारला होता. वलांडीवर तो मेलेला कावळा उलटा टांगायचा, म्हणजे दुसरे फिरकत नाहीत, अशी आमच्याकडे रीतच होती. मी नेम धरला तो मात्र मासळी वाचवण्यासाठी नव्हे. मित्रांनी पाहावे म्हणून. क्षणात कुठून कुठून कावळे जमले आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागले. आजी बाहेर आली. ती मला मारेल असे वाटले होते. ती एवढेच म्हणाली, "बाबा, तू तो खाणार आहेस का?" त्या प्रश्नाचे उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

वाचकहो, आपला हा गावकावळा आता दूरवर पोहोचला आहे. १८९० च्या दशकात तो आफ्रिकेतील झांझिबार बेटावर नेण्यात आला. कशासाठी? शहरातला कचरा खाऊन साफ करावा म्हणून! तो कामाला लागला, वाढला, मुख्य भूमीवर गेला. आज मोंबासा, मालिंदी या भागांत तो तिथल्या लहान पाखरांची अंडी आणि पिल्ले खातो, कोंबड्या पाळणाऱ्या गरिबांना रडवतो, हॉटेलांतल्या ताटांवर झडप घालतो. २०२४ साली केनियाच्या वन्यजीव खात्याने दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी सावकाश भिनणारे विष वापरतात. कावळा हुशार, खाल्ल्याबरोबर सोबती मेला तर बाकीचे त्या अन्नाला शिवणार नाहीत. म्हणून ते काही तासांनी, दूर कुठेतरी जाऊन मरतात.

केनियाच्या लोकांना मी निर्दयी म्हणणार नाही. तिथल्या सुगरणीच्या पिल्लांनाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, आणि या परक्या पाहुण्यापुढे त्यांचे काही चालत नाही. कावळ्यावर तेवढी दया आणि पिल्लांवर नाही, हाही न्याय नव्हे. पण ज्याला आपण आपल्या घाणीसाठी बोलावले, त्यालाच घाणेरडा म्हणून देहदंड द्यायचा, यात कुठेतरी हिशेब चुकतो. शिक्षा एकालाच झाली, बोलावणारे सुटले.

आपल्याकडे तर तो पाहुणाही नाही, इथलाच आहे. त्याच्याच घरट्यात कोकिळा अंडी घालते. मे महिन्यात घरटे पाडणारा हात कोकिळेचे पिल्लूही पाडतो, आणि मग पुढल्या वर्षी आपणच विचारणार, कोकिळा का ओरडत नाही? कायद्याचेही सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर-वटवाघळांबरोबर कावळ्याचे नाव उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. काकांनी पावाचा बेत करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे. शिवाय तो पाव कावळाच खाईल, शेजाऱ्याचे कुत्रे किंवा एखादे मूल नाही, याची हमी कोण देणार?

मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध. तरी उपाशी एलिया संदेष्ट्याकडे भाकर आणि मांस घेऊन गेले ते कावळेच. आणि देवाच्या काळजीचा दाखला देताना संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने बोट दाखवले तेही कावळ्यांकडे. (तो कावळा आपल्या गावकावळ्याचा थोरला चुलतभाऊ, पण खोड्या त्याच!) ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ प्राणी अन्नासाठी वापरू नका असे म्हणत नाही. म्हटले असते तर आपण कोळी-वाडवळांनी काय केले असते? विनाकारण जीव घेणे किंवा यातना देणे माणसाला शोभत नाही, एवढेच तो सांगतो. सगळी गोम त्या 'विनाकारण' शब्दात आहे. पिल्लू उचलणाऱ्या कावळ्याला हाकलणे सकारण आहे. वलांडीवर जाळे टाकणे, कोंबड्या झाकून ठेवणे सकारण आहे. पण साधा उपाय करून न पाहता थेट विष?

सणाच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हॉलच्या मागे जाऊन पाहिले. पत्रावळी, बिर्याणीचा उरलेला भात, मटणाची हाडे, फुटलेल्या पिशव्या. चाळीसेक कावळे असतील. त्यांना आमंत्रण कोणी दिले होते हे विचारायची गरज नव्हती. माझे स्वतःचे ताटही त्याच ढिगात होते.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ती जागा साफ करायची आणि ओल्या कचऱ्यासाठी झाकणाचा खड्डा खणायचा असे ठरले आहे. फावडी आहेत, घमेली कमी पडतील. काकाही येतो म्हणालेत.