राखीगढीच्या बाईची साक्ष

आर्य कुठून आले, हा वाद महाराष्ट्रात कधीच नुसता पुस्तकी नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’त आर्यभटांना, म्हणजे ब्राह्मणांना, इराणातून आलेले आक्रमक म्हटलं आणि शूद्रातिशूद्रांना या भूमीचे मूळ धनी. तीस वर्षांनी टिळकांनी आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवाकडे नेलं. दोघांचे पुरावे ग्रंथांतले आणि कथांतले. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले त्याच सुमारास लोकांची नाकं मोजून जातींचे वंश ठरवत होता. पुढे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने मोहेंजोदडोतल्या सांगाड्यांचा ठपका आर्यांच्या इंद्रावर, म्हणजे आर्यांच्या हल्ल्यावर ठेवला. ते सांगाडे एका काळाचे नाहीत, असं पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्सने १९६४मध्ये दाखवलं, तरी ती कथा लोकांच्या डोक्यातून गेली नाही.

२००९मध्ये हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले लालजी सिंग, थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांनी आजच्या भारतीयांचा डीएनए तपासला. जवळपास प्रत्येक समाज मिश्र निघाला. २०१३च्या अभ्यासाने या सरमिसळीचा काळही सांगितला: सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. त्यानंतर बेटीव्यवहार जातीपुरता आवळत गेला. मला सगळ्यांत अस्वस्थ करतं ते हेच. उंबऱ्याची बंधनं रक्तात मोजता येतात.

पण आजच्या रक्तावरून मागचं ताडणं वेगळं आणि त्या काळचं माणूसच समोर असणं वेगळं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या नगराची दफनभूमी खणली. आपल्या उष्ण, दमट हवेत डीएनए सहसा टिकत नाही. आतल्या कानाभोवतीचं हाड फार घट्ट असतं, म्हणून त्याचीच चिमूटभर पूड घेतात. एकसष्ट नमुने तपासले, कामाचा डीएनए मिळाला एकाच बाईचा. ती सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. २०१९मध्ये हे प्रसिद्ध होताच ‘आर्य बाहेरून आलेच नाहीत’ असा गाजावाजा झाला. हा निष्कर्ष चुकीचा आहे. त्याच महिन्यात पाचशेहून अधिक प्राचीन माणसांच्या डीएनएचा दुसरा अभ्यास आला. त्यात तो अंश इसवी सनापूर्वी दोन हजारनंतर दक्षिण आशियात शिरताना दिसतो आणि पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या नंतरच्या दफनांत सापडतो. म्हणजे ही बाई त्या स्थलांतराच्या आधीची. तिच्या पूर्वजांची इराणकडची शाखाही शेती सुरू होण्यापूर्वीच तिथल्या लोकांपासून फुटली होती. त्यामुळे इराणी शेतकऱ्यांनी इथे येऊन शेती शिकवली, हेही तितकं सरळ राहत नाही. आणि हाड कोणती भाषा बोलत होतं, ते कुठलाच डीएनए सांगत नाही.

तेव्हा डीएनएच्या नावाने कुणी ‘आम्हीच इथले मूळचे’ म्हणू लागला, तर त्याला एवढं जरूर विचारा: कुठल्या सांगाड्यावरून, आणि तो कुठल्या काळाचा?