‘लिहिलें’ म्हणजे काय?

चिंचणी गांवीं 1955 सालीं कांहीं जुने ताम्रपट सांपडले. त्यांपैकीं एक शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा आहे. संयान प्रांतावर, म्हणजे आजच्या संजाणच्या मुलखावर, राष्ट्रकूटांच्या वतीनें मधुमति नांवाचा ताजिक अधिकारी होता हें आपणांस त्यावरून कळतें. राष्ट्रकूट गेले, तांब्यावरचें अक्षर राहिलें. त्याच चिंचणीच्या वाळूंत मुलें संध्याकाळीं आपलीं नांवें लिहितात आणि भरती तीं पुसून नेते. लिहिणें दोहों ठिकाणीं झालेंच. मग ‘लिहिलें’ या शब्दानें आपण कशाचें अभिवचन देतों?

हा प्रश्न संगणकानें अधिक बिकट केला आहे. फाइलींत लिहिलेला मजकूर प्रथम स्मृतींत, म्हणजे वाळूंतच असतो. डिस्क मंद असल्यामुळें ऑपरेटिंग सिस्टिम तो सवडीनें तिच्यावर उतरविते. मध्येंच वीज गेली कीं मजकूर गेला. यासाठीं ‘एफसिंक’ नांवाची आज्ञा आहे. मजकूर डिस्कवर पोंचल्यावांचून परत येऊं नको, असा तिचा भावार्थ. परंतु तिलाहि मर्यादा आहेत. लिनक्सची माहितीपुस्तिका स्वच्छ सांगते कीं, फाइल पोंचली तरी तिच्या नांवाची फोल्डरमधील नोंद पोंचलीच असें नाहीं. ॲपलच्या संगणकांत ही आज्ञा मजकूर डिस्कच्या हवालीं करिते. डिस्कनें तो स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतींतून कायम जागीं ठेवला याची हमी घेत नाहीं. तेवढ्यासाठीं निराळी आज्ञा आहे.

खरा पेंच 2018 सालीं उघड झाला. लिनक्सवर एफसिंक एकदां फसला कीं चूक कळविली जाई, पण न उतरलेला मजकूर ‘उतरला’ असाच गणला जाई. पोस्टग्रेस हा माहितीसंग्रह सांभाळणारा प्रोग्राम पुन्हां विचारी, तेव्हां ‘ठीक आहे’ असें उत्तर येई, कारण आतां उतरवावयाचें कांहींच शिल्लक नसे! न पोंचलेलें पत्र फाडून टाकावें आणि ‘पत्र उरलें आहे काय?’ या प्रश्नास ‘नाहीं’ म्हणावें, तशांतली ही गत. लिनक्सवाल्यांचेंहि म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. डिस्कच उपटून काढली तर तिचा मजकूर स्मृतींत किती काळ सांभाळावा? 2019 मध्यें पोस्टग्रेसनें आपली रीत बदलली. एफसिंक फसतांच तो आतां स्वतःस बंद करून घेतो आणि आपल्या रोजनाम्यावरून पुन्हां उभा राहतो.

येथें दोष कोणाचा? शब्दशः पाहतां उत्तर खोटें नव्हतें. परंतु ऐकणारा ज्या अर्थावर विसंबणार हें बोलणाऱ्यास ठाऊक असतें, त्या अर्थाची जबाबदारी बोलणाऱ्याचीच, असें आम्हांस वाटतें. मर्यादा ठाऊक असून जो ती सांगत नाहीं, त्याला शब्दकोश वांचवूं शकत नाहीं.

हें आम्ही उंच आसनावरून लिहीत नाहीं. एका विद्यार्थ्यास आम्हीं एकदां ‘तुझें शिफारसपत्र धाडलें’ म्हणून सांगितलें होतें. वस्तुतः तें आम्हीं इतर कागदांबरोबर टपालाच्या टोपलींत टाकलें होतें, एवढेंच. पत्र पोंचलें नाहीं, आणि मुलाचें वर्ष गेलें. तो अजूनहि बाजारांत भेटला कीं वांकून नमस्कार करितो, आणि आम्ही भाजी निवडण्यांत गुंतल्याचें दाखवितों.