'सॉरी' या शब्दातील वेदना

बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तरी 'सॉरी' आणि कुणाच्या आयुष्याची माती केली तरी 'सॉरी'! इंग्रजीतून आपल्या घरांत आलेल्या शब्दांपैकी इतका स्वस्त झालेला शब्द दुसरा क्वचितच असेल.

त्याचे मूळ मात्र स्वस्त नाही. जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे जखम, वेदना; त्यावरून 'सारिग', म्हणजे ज्याला दुखते आहे तो. आजचा 'सोअर' हा शब्द त्याच कुळातला. दुःख या अर्थाचा 'सॉरो' त्याचा सख्खा भाऊ वाटतो खरा, पण त्याचे कूळ निराळे. अर्थ आणि ध्वनी यांच्या साम्याने दोघांची सोयरीक जुळली, एवढेच. 'अपॉलॉजी' हा भारदस्त शब्द ग्रीक 'अपोलोगिया'वरून आला आणि त्याचा अर्थ बचावाचे भाषण! प्लेटोच्या त्या नावाच्या ग्रंथात सॉक्रेटिस न्यायासनापुढे क्षमा मागत नाही, आपली बाजू मांडतो. आपलीही क्षमायाचना बहुधा याच जातीची असते: 'सॉरी, पण...'

'क्षमा करा' म्हणताना आपण समोरच्याकडे काही मागतो. 'सॉरी' म्हणणारा, शब्दाच्या मूळ अर्थाने, काहीच मागत नाही. मला दुखते आहे, एवढेच सांगतो. मग जो अपराध आपण स्वतः केलेला नाही, त्याबद्दल 'सॉरी' म्हणता येईल काय?

ऑस्ट्रेलियात या एका शब्दावरून अख्खे राष्ट्र दुभंगले होते. साधारण १९१० ते १९७० या काळात तेथील आदिवासींची मुले सरकारी धोरणानुसार आईबापांपासून हिरावून घेतली गेली. त्यांना ज्या संस्थांत ठेवले, त्यांपैकी काही ख्रिस्ती मिशनच्या होत्या, आपल्या कॅथलिक मिशनच्याही. हे आपण विसरू नये. १९९७ साली चौकशीचा अहवाल आला. पूर्वीच्या पिढ्यांच्या कृत्यांची जबाबदारी आजच्या पिढीने का घ्यावी, असे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांचे म्हणणे. १९९९ साली त्यांच्या ठरावात संसदेने 'खेद' व्यक्त केला. 'सॉरी' हा शब्द मात्र टाळला. तो उच्चारला केविन रड यांनी, १३ फेब्रुवारी २००८ रोजी.

हॉवर्ड यांचा युक्तिवाद दोषापुरता बरोबर होता, असे आम्हांस वाटते. दोष वारशाने येत नाही. परंतु 'सॉरी' हा शब्द मुळात दोषाचा नव्हेच, तो दुखण्याचा आहे. आणि शेजाऱ्याच्या जखमेने दुखायला ती आपण केलेली असावी लागत नाही. खेद दुरून व्यक्त करता येतो. दुखणे अंगावर घ्यावे लागते.

पापनिवेदनाला जाताना आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो, त्याच्या लॅटिन शब्दाचा, 'काँत्रित्सिओ'चा, अर्थ भरडले जाणे, चुरा होणे असा आहे. आणि चर्च तेवढ्यावर थांबत नाही. पश्चात्ताप, पापांची कबुली आणि त्यानंतर भरपाई, प्रायश्चित्त. चोरलेली वस्तू परत न करता नुसते गुडघे टेकण्याने काय होणार?

रड यांच्या सरकारने २००८ साली 'सॉरी' म्हणताना आर्थिक भरपाई मात्र नाकारली होती. केंद्राच्या अखत्यारीतील प्रदेशांतून हिरावलेल्यांपैकी जे हयात होते, त्यांच्यासाठी प्रत्येकी ७५ हजार डॉलरची योजना जाहीर झाली ती २०२१ साली. तोवर त्या मुलांपैकी कितीतरी जण म्हातारे होऊन मातीत गेले होते.