बेगमी आणि साठा

मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा धडाडताच धान्य संपणार अशी आवई उठली, आणि साठा विपुल असल्याचे केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी यांना जाहीर करावे लागले. तसा प्रसंग पुन्हा आल्यास गृहस्थाने काय करावे?

माळव्यात गहू निघताच वर्षाची बेगमी करण्याची रीत आहे. ती गृहस्थधर्मास धरूनच आहे; सुगीत माल मुबलक असतो, कोणाच्या ताटातले जात नाही. परंतु भयाने धावत जाऊन दहा घरांचे तेल-मीठ एकट्याने उचलणे निराळे. त्याने भाव चढतो आणि रोजच्या मजुरीवर पीठ आणणाऱ्याची चूल विझते. केवळ स्वतःसाठी रांधणारा पापच भक्षितो, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील वचन त्यालाच लागू पडते. दुर्गादेवीच्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाचे कोठार रयतेस खुले केले, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो; आणि घरी येऊन कुलूप तपासतो! १९६५ च्या युद्धकाळात शास्त्रीजींनी सोमवारचे सायंभोजन सोडण्यास सांगितले होते, साठविण्यास नव्हे.

म्हणून सरदारपूरच्या सभासद कुटुंबांनी महिन्याचे धान्य, नित्याची औषधे व कंदील शांततेच्या काळातच ठेवावा. युद्धवार्ता आल्यावर, ज्याची कोठी भरलेली आहे त्याने तो आठवडा बाजाराकडे फिरकू नये. शेजारच्या घरी पीठ आहे किंवा नाही, एवढे मात्र अवश्य विचारावे.