वाकडी वाट

‘वाकड्या वाटेनं जाऊ नये’ हे वाक्य लहानपणी मी इतक्या वेळा ऐकलं, की मोठेपणी दुसऱ्या कुठल्या वाटेनं जावंसंच वाटेना. पण खऱ्या अर्थानं वाकड्या वाटेला लागायचं तर पैसा लागतो, धाडस लागतं आणि परत आल्यावर तोंड लपवायला बऱ्यापैकी मोठं घर लागतं. आमच्या दोन खोल्यांत यातलं काहीच मावत नाही. म्हणून ही हौस मी मोटारसायकलवर भागवतो. एखाद्या रविवारी पहाटे उठतो, येझदी बाहेर काढतो आणि भोरवरून वरंधा घाट उतरून महाडला जातो. तिथे एक कप चहा पितो आणि पुण्याला परत येतो.

“महाडला काय काम काढलंत?” शेजारचे अण्णा दर वेळी विचारतात. काही नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. बिनकामाच्या प्रवासाचा आपल्याकडे संशय येतो. मेव्हणीच्या मुलीसाठी स्थळ बघायला चाललोय असं सांगितलं, तर अण्णा बरोबर डबासुद्धा देतील. सौ.चा आक्षेप जास्त मुद्देसूद असतो. “इतकं पेट्रोल जाळून प्यायलेला चहा निदान गोड तरी होता का?” एवढंच ती विचारते.

माझ्या येझदीचा कारखाना म्हैसूरला होता. तो १९९६ साली बंद पडला. गाडीला ही बातमी अजून कोणी दिलेली नाही. हिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर भागवलेले आहेत. इतकी काटकसर मध्यमवर्गीयाला भावणारच. आवाजाच्या बाबतीत मात्र तिनं काटकसर केलेली नाही. दोन्ही सायलेन्सरांतून ती असा ताशा लावते, की शांतता शोधायला निघालेला मी जिथे पोचतो, तिथली शांतता पाच मिनिटं आधीच गाव सोडून गेलेली असते.

तरीही घाट लागला की मी सुखावतो. घाटाचा रस्ता वळणं घेतो तो काही आपल्या करमणुकीसाठी नव्हे. डोंगर सरळ चढायचा म्हटलं तर बैलगाडी उलटी यायची. मग तोच चढ लांबीवर वाटून द्यायचा. रक्कम तेवढीच, हप्ते जास्त. घराचं कर्ज फेडणाऱ्या माणसाला घाटाचं गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सरळ रस्त्याची मजा मला कधी कळली नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. जवळजवळ पंचाण्णव किलोमीटर, मध्ये सिग्नल नाही की फाटक नाही. दुचाकीला तिथे मज्जाव आहे. त्याचं अण्णांना वाईट वाटतं, मला नाही. तिथे माणूस निघतो आणि पोचतो. मधल्या भागाची त्याला फक्त टोलची पावती मिळते.

वळणाचा रस्ता माणसाला असा सुटू देत नाही. मोटारसायकल वळणावर नुसतं हँडल फिरवून वळत नाही, तिच्याबरोबर आपल्यालाही झुकावं लागतं. ताठ राहण्याचा ज्यांना अभिमान आहे, त्यांनी घाटात येऊ नये. शिवाय नजर जिकडे, गाडी तिकडे. समोरच्या खड्ड्याकडे भीतीनं बघत राहिलात, तर गाडी आज्ञाधारकपणे खड्ड्यातच जाते. वळण जिथे संपतं तिथे बघावं लागतं.

आणि ते तर दिसत नसतं! घाटातली खरी गंमत, आणि मला वाटतं खरी नीती, इथेच आहे. डोंगराच्या कुशीमागे काय आहे ते ठाऊक नाही. म्हशी असतील, डोक्यावर मोळी घेतलेली बाई असेल, नाहीतर एसटी. म्हणून तुम्ही वेग कमी करता, हॉर्न देता, आपली बाजू सोडत नाही. न दिसणारा कोणीतरी तिथे आहे, असं धरून वागता. साधुसंतांनी आपल्याला शेकडो वर्षं याहून वेगळं काय सांगितलं? फक्त त्यांच्या सांगण्यात पलीकडून एसटी येत नव्हती, म्हणून आपण ते मनावर घेतलं नाही.

असले थोर विचार घेऊन मी एकदा वाघजाईच्या देवळाजवळ भजी खात उभा होतो. खाली कोकण धुक्यात बुडालेलं. एक म्हातारेबुवा वडापची वाट बघत दगडावर बसले होते. मी मोठ्या उदारपणानं म्हणालो, “बाबा, भाग्यवान आहात. काय सुंदर रस्ता आहे तुमचा! असाच राहायला हवा.”

बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग माझ्या भज्यांकडे.

“सुंदर हाय की,” ते म्हणाले. “पर येकदा दुखणाईत माणूस मांडीवर घिऊन उतरा सायेब. मंग मोजा वळणं.”

एवढ्यात वडाप आलं. आत जागा नव्हतीच. बाबा मागे लोंबकळले आणि गेले. भजी गार झाली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागच्या सीटवर बसून येतो. हा रस्ता वाकडा, अरुंद आणि ओसाड राहावा असं वाटण्याचा मला काय हक्क? मला तो महिन्यातून एकदा लागतो. त्यांना तो दवाखान्याला लागतो, शाळेला लागतो, बाजाराला लागतो. पावसाळ्यात दरड येऊन घाट बंद झाला, की माझा एक रविवार बुडतो आणि त्यांचा महिना. ज्या निवांतपणासाठी मी धावत जातो, त्याचं दुसरं नाव कदाचित ‘गाडी आली नाही’ असं असेल. १९४८ साली एसटी सुरू झाली, २००० सालच्या डिसेंबरात पंतप्रधान ग्राम सडक योजना आली. वाड्यावस्त्यांनी या दोघींची वाट माझ्या करमणुकीसाठी नक्कीच पाहिली नव्हती.

हे मी अण्णांना बोलून दाखवलं. त्यांना फार आनंद झाला. “मग सोडा ते महाड!” ते म्हणाले. पण सोडणं हे काही उत्तर नव्हे. मी घरी बसल्यानं बाबांना वडापात जागा मिळणार नाही. उलट, गेलो नसतो तर दगडावरचे बाबा मला दिसलेच नसते.

उत्तर मला शेवटी रस्त्याच्या नियमांत सापडलं. १९८९ साली केलेल्या नियमांत एक छोटं कलम होतं: डोंगरी रस्ता अरुंद असेल, तर उतरणाऱ्यानं थांबावं आणि चढणाऱ्याला वाट द्यावी. कारण साधं आहे. चढणारा एकदा थांबला की त्याला पुन्हा निघणं कठीण. उतरणाऱ्याचं काय, ब्रेक सोडला की चालला. ज्याचं ओझं जास्त, त्याचा मान पहिला. नीतिशास्त्राचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत, पण एवढ्या थोड्या शब्दांत एवढं सांगणारं कलम त्यांत असेलसं वाटत नाही.

आणि वरंधा घाटात मी कुठल्याही दिशेनं जात असलो, तरी उतरणाराच असतो. पोटात भजी, खिशात परतीच्या पेट्रोलचे पैसे, आणि महाडला काही काम नाही. उद्या तिथली वळणं रुंद केली, काही पार काढून टाकली, तर मला हळहळ वाटेल. न वाटली तर इतकी वर्षं उगाचच गेलो म्हणायचं. पण ती हळहळ मी गाडी कडेला घेऊन करीन. अर्जबिर्ज करणार नाही, वर्तमानपत्राला पत्रही पाठवणार नाही.

वाकड्या वाटा पुष्कळ आहेत. हा सरळ झाला तर दुसरा शोधीन. सौ.नं नुकतंच विचारलंय, की आता चहा प्यायला किती लांब जावं लागणार?