दूधपेढी आणि दूधनाते

पूर्ण दिवस भरण्याच्या कितीतरी आधी, दीड हजार ग्रॅमांहूनही कमी वजनाचे जे अर्भक जन्मास येते, त्यास चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भकाळाच्या सुमारे ३४व्या आठवड्यापर्यंत साधत नसल्यामुळे, प्रारंभी शिरेवाटे शर्करा, अमिनो आम्ले व स्निग्धांश देऊन, आणि त्याबरोबरच जठरात सोडलेल्या बारीक नळीने दूध थोडेथोडे पोहोचवून, त्याचे पोषण करावे लागते. या कामी पहिला मान जन्मदात्रीच्या दुधाचा. परंतु अकाली प्रसूतीनंतर तिला पुष्कळदा पुरेसे दूध येत नाही, आणि गाईच्या दुधाच्या भुकटीवर पोसलेल्या अशा बालकांत आतडे कुजविणारा प्राणघातक विकार अधिक आढळतो; तेव्हा दुसऱ्या एखाद्या स्त्रीचे दूध मिळविणे ओघानेच येते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली निघालेली मातृदुग्धपेढी आशियातील पहिली. पेढीत हे दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून, मग गोठवून ठेवतात, आणि बहुधा अनेक मातांचे एकत्र करतात.

या एकत्र करण्यापाशीच धर्माचा प्रश्न उभा राहतो.

कुराणाच्या चौथ्या सुरेत विवाहास निषिद्ध अशा स्त्रियांत दूध पाजणारी माता आणि दूधबहीण यांची गणना आहे. अर्थात, कोणाचे दूध प्यालो हेच ज्यास ठाऊक नाही तो अजाणता आपल्या दूधबहिणीशी विवाह करील, ही धास्ती शास्त्रार्थाला धरूनच आहे. पेढीतले दूध स्तनास तोंड लावून प्यालेले नसल्यामुळे त्याने नाते जडत नाही, असा निर्वाळा इस्लामी धर्मशास्त्रवेत्ते युसूफ अल-करदावी यांनी दिला होता. पण इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह (इस्लामी न्यायशास्त्र) अकादमीने १९८५ साली मुसलमानी देशांत अशा पेढ्या काढण्यास मनाई केली. या मनाईस मागासलेपणा म्हणून हसणे सोपे आहे. मला मात्र असे वाटते की, दुधाने नाते जडते हे त्या शास्त्रकारांनी जितक्या गांभीर्याने मानले तितके आपण कधी मानले नाही. विष पाजणाऱ्या पूतनेलाही श्रीकृष्णाने मातेची गती दिली असे भागवत सांगते, संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नाव आपण आदराने घेतो. पण त्या आदरापोटी आपल्यावर कोणते बंधन आले? दूध कोणाचे हा प्रश्न आपल्याकडे उठलाच तर तो जातीच्या चौकशीसाठी उठण्याचा संभव अधिक, आणि त्या चौकशीला मी धर्मशंका म्हणणार नाही.

प्राण वाचविण्याची निकड निषेधास शिथिल करते, हे तत्त्व इस्लामी न्यायशास्त्रात आहे आणि आपल्या आपद्धर्मातही आहे. त्यामुळे हजार ग्रॅमांच्या बालकापुढे धर्मनिर्णय अडून राहू नये, हे दोन्ही परंपरांना मान्य होण्याजोगे आहे. परंतु निकड होती एवढ्यावरून नाते पुसले जाते असे नाही. दात्रीचे नाव कोणासच कळू न देण्यात दानाची निरपेक्षता जपली जाते खरी. पण ज्याचा जीव त्या दुधावर तगला त्याचा आपली दूधमाता कोण हे जाणण्याचा हक्कही त्याच पडद्याआड जातो, आणि तो पडदा कोणी मागितला नसताना टाकण्याचा अधिकार पेढीला कोणी दिला, हे मला कळत नाही. म्हणून ज्या कुटुंबाची तशी इच्छा असेल त्यास, दात्रीच्या संमतीने, एकाच मातेचे दूध देण्याची तजवीज रुग्णालयांनी करावी आणि उभय पक्षांना नोंदीचा दाखला द्यावा. त्यासाठी पेढीच्या दप्तरात दोन रकाने वाढवावे लागतील, याहून अधिक काही नाही.