‘पपेट’ : एका निंदेचा अर्थ

इंग्रजीतील ‘पपेट’ या शब्दाचे मूळ मुलगी वा बाहुली या अर्थाच्या लॅटिन ‘पूपा’पर्यंत पोचते. वाच्यार्थाने ती खेळातील बाहुली. लक्षणेने परक्याच्या इच्छेने वागणारा माणूस. जपानने १९३२ मध्ये उभारलेल्या मांचुकुओच्या राजवटीला हेच विशेषण लागले. मराठीतील ‘कळसूत्री बाहुली’ही तीच निंदा सुचविते.

कुडाळ तालुक्यातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथीबरोबर कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ जपले. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. खेळात रावणाच्या बाहुलीने सीतेचे हरण केले, तरी त्या लाकडाला वा कातड्याला कोणी पापी ठरवीत नाही.

मग परतंत्र सत्ताधीशाला ‘बाहुले’ म्हणून दोष कसा देता येतो? तो खरोखर बाहुले असता, तर दोषाला जागाच नव्हती. दोष देणारा गृहीत धरतो, की दोरा तोडणे त्याला शक्य होते. अर्थात, हा शब्द जे स्वातंत्र्य नाकारतो, तेच त्यातील निंदा मान्य करते. म्हणूनच ‘मी केवळ हुकमाचा ताबेदार’ असे म्हणत हे रूपक कोणी स्वतःच पांघरले, तर निंदा गळून पडते आणि उरते ती फक्त पळवाट.